पॅरेंट्स (१९८९) बघितलाय का कुणी? हसायचं होतं की घाबरायचं होतं? (शेवटासकट चर्चा आहे, सांभाळून)

शेवटची_रांग:

काल रात्री दिग्दर्शक बॉब बालाबनचा पॅरेंट्स बघितला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय म्हणून इथे टाकतोय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, अमेरिका, १९५८, नवीन वसवलेलं उपनगर, सगळी घरं एका साच्यातली, बाप म्हणजे रँडी क्वेड केमिकल कंपनीत कामाला, आई मेरी बेथ हर्ट कायम कडक इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये आणि केसांची एक बट जागची हलेल तर शपथ, आणि या दोघांच्या मधे दहा वर्षांचा मायकल, जो हसत नाही, खात नाही, नुसता टकामका बघत बसतो. रोज रात्री ताटात मांसाचा जाडजूड तुकडा, आणि हळूहळू पोराला संशय यायला लागतो की हे मांस नक्की कुणाचं.

जेवणाच्या टेबलावरचा तो सीन बघा. पोरगा विचारतो हे काय आहे, तर म्हणे उरलेलं. कशातलं उरलेलं? फ्रिजमधलं. पोरगा म्हणतो आपण इथे राहायला आल्यापासून रोज उरलेलंच खातोय, उरायच्या आधी ते काय होतं? तर त्याला अगदी शांतपणे उत्तर मिळतं की त्याआधी ते उरायचं होतं. मी खो खो हसलो आणि लगेच पोटात कसंतरी झालं, कारण दोघंही चिडत नाहीत, आवाज चढत नाही, गोड हसून पोराला उडवून लावतात.

माझा मित्र म्हणतो एवढा विचार काय करतोस, नरभक्षक आईबापांचा बी ग्रेड हॉरर आहे, विषय संपला. मला ते पटत नाही पण नेमकं काय पटत नाही ते सांगताही येत नाहीये. आणि ही गोष्ट १९५८मध्येच का घातली असेल? पिक्चर आलाय ८९ साली, आजच्या काळातलं घर दाखवलं असतं तर बजेट तरी वाचलं असतं.

---

कुंपणावरून:

अरे मित्राला सांग की नरभक्षण हे नुसतं निमित्त आहे, पिक्चर जेवणाच्या टेबलावरच्या शिस्तीबद्दल आहे. तू जो सीन लिहिलायस त्यातच सगळं आलं की. त्या घरात प्रश्न विचारायला बंदी नाहीये, विचार की बाळा, पण उत्तर मिळणार नाही, आणि उत्तर मिळालं नाही असं म्हणायचीही सोय नाही कारण समोरच्याने उत्तर तर दिलंय, तेही हसून. मारझोड करणाऱ्या बापाविरुद्ध पोरगं बोट तरी दाखवू शकतं, इथे बोट दाखवणार कशाकडे, नॅपकिनकडे?

आणि तो दुसरा सीन, मायकल रात्री उठून येतो आणि आईबापांना नको त्या वेळी बघतो. आईचं लिपस्टिक पसरलेलं, दोघांच्या तोंडाला लाल लाल, पोराला वाटतं हे एकमेकांना खातायत. बालाबनने हे फार हुशारीने केलंय कारण त्या वयाच्या पोराला शरीरातलं काहीच कुणी सांगितलेलं नाही, मग जे दिसतं त्याचा अर्थ तो आपला आपण लावणार, आणि त्याच्याकडे अर्थ लावायला शब्द आहे तो एकच, खाणं. म्हणजे आईबाप जे जे लपवतायत ते सगळं पोराच्या डोक्यात एका ढिगात जाऊन पडतं, त्यांचा संभोग, तळघर, बापाची नोकरी, ताटातला तुकडा. पहिला पाऊण तास तुम्हाला ठरवताच येत नाही की पोरगं वेडं आहे की घर, आणि तो पाऊण तास माझ्या मते पूर्ण पिक्चरचा जीव आहे.

कॅमेरा बघितलास ना कुठे ठेवलाय? बऱ्याचदा खाली, पोराच्या उंचीवर. बाप त्यामुळे डोंगराएवढा दिसतो, आणि क्वेड मुळातच केवढा धिप्पाड आहे. त्याचा चष्मा, ती खालच्या पट्टीतली बोलण्याची ढब, बार्बेक्यूपाशी उभा राहतो तो दिमाख. हसतो तेव्हा जास्त भीती वाटते.

---

आगाऊ_पाहुणी:

मी शेवटी जे हसलेय ना!! सगळं घर गॅसने उडालं, आईबाप गेले, पोरगं सुटलं असं वाटतं, आजीआजोबांकडे नेऊन ठेवतात, ते प्रेमाने पांघरूण घालतात आणि जाता जाता उशाशी काय ठेवतात तर दूध आणि सँडविच, आणि सँडविचमध्ये ते. म्हणजे हे घराणंच खवय्यांचं निघालं.

---

जुना_कागद:

१९५८ का, यावर लिहितो, जरा लांबेल.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत लाखो सैनिक घरी परतले आणि त्यांना राहायला जागा नव्हती. १९४४च्या जीआय बिल या सैनिकांसाठीच्या कायद्याने त्यांना घरकर्जाची सरकारी हमी दिली, आणि १९४७पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांच्या जागी विल्यम लेव्हिटने कारखान्यात मोटारी बनवाव्यात तशी घरं उभी करायला सुरुवात केली. लेव्हिटटाउन. थोड्या वर्षांत १७ हजारांवर घरं. पिक्चरमध्ये दिसते ती गल्ली याच जातकुळीतली, फक्त हवापाणी वेगळं.

आता गंमत बघा. त्या लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत छापील कलम होतं की गोऱ्या माणसाखेरीज कुणी या घरात राहायचं नाही, अपवाद घरकामाच्या नोकरांचा. १९४८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असली कलमं कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत, तरी लेव्हिटचं धोरण काही बदललं नाही. पेनसिल्व्हेनियात त्याने दुसरं लेव्हिटटाउन बांधलं, तिथे ऑगस्ट १९५७मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं आपल्या पोरांना घेऊन राहायला आलं तर घराबाहेर रात्रीच्या रात्री जमाव, दगडफेक, शिवीगाळ, शेवटी राज्याचे पोलीस बोलवावे लागले. आणि जमावात कोण, तर हीच मंडळी, दिवसा हिरवळ कापणारी, शेजारच्यांकडे केक घेऊन जाणारी. हे झालं पिक्चरमधल्या काळाच्या जेमतेम वर्षभर आधी. पिक्चरमध्ये यातलं अवाक्षर नाही हे खरं, पण त्या गल्लीत एकही काळा चेहरा नाही आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही, हे एकदा लक्षात आलं की 'चांगली वस्ती' या शब्दांची चवच बदलते.

दुसरं म्हणजे युद्धातून आलेले बाप. जॉन ह्यूस्टनने लष्करासाठीच १९४६मध्ये एक माहितीपट केला होता, मनाने खचलेल्या सैनिकांच्या इस्पितळातला, रडणारे, बोबडी वळलेले, हात थरथरणारे जवान. लष्कराने तो दाबून ठेवला आणि लोकांना बघायला मिळेपर्यंत १९८० साल उजाडलं. चौतीस वर्षं! म्हणजे गप्प बसण्याची संस्कृती नुसती घराघरातली नव्हती, वरूनच आलेली होती. युद्धात काय बघितलंस हे विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही, पगार आण, गाडी धू, पोराला बेसबॉल शिकव.

शरीराबद्दल तर बोलायलाच नको. लैंगिक वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या किन्सीचा बायकांवरचा अहवाल १९५३ला आला, त्यात निघालं की मुलाखत दिलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांनी लग्नाआधी संबंध ठेवले होते. गहजब झाला, आणि पुढच्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशनने त्याच्या संशोधनाचे पैसे थांबवले. आणि त्याच काळात टीव्हीवर नवराबायको कसे दाखवायचे तर दोन वेगळ्या खाटांवर. आय लव्ह ल्यूसीमध्ये नायिका खरोखरच गरोदर होती, पोट दिसतंय, अख्खा देश बघतोय, पण गरोदर हा शब्द तेवढा उच्चारायचा नाही असं चॅनेलने बजावलेलं. हे वाचलं की मायकलचे आईबाप काही परग्रहावरचे वाटत नाहीत.

राहिली बापाची नोकरी. तो ज्या कंपनीत काम करतो तिचं नाव टॉक्सिको, आणि काम काय तर झाडांची पानं झडवणारं रसायन तयार करणं, जंगलं बोडकी करायला. गोष्ट घडते ५८ला. व्हिएतनामवर अमेरिकन विमानांनी असली रसायनं फवारायला सुरुवात केली १९६२मध्ये आणि १९७१पर्यंत ते चालू होतं. प्रेक्षकाला हे माहीत असतं, बापाला माहीत नसतं, किंवा असतंही. घरी तो दोनचार माणसं खातो म्हणून आपण दचकतो आणि ऑफिसात जे करतो त्याला प्रमोशन मिळतं. पिक्चरमधला सगळ्यात काळा विनोद मला हा वाटतो, आणि तो एकदाही उलगडून सांगितलेला नाही हे विशेष.

---

थंड_चहा:

इतिहास उत्तम लिहिलाय, पण त्यातलं निम्मं तुम्ही आणलंय आणि निम्मंच पिक्चरमध्ये आहे राव. मला पिक्चर फसलेला वाटतो आणि का ते सांगतो.

जोपर्यंत खात्री नाही तोपर्यंत तो जबरदस्त आहे, कुंपणावरून म्हणतायत तसं. पण मग मायकल बापाच्या कंपनीत पोचतो, बापाला प्रेताचा तुकडा काढताना बघतो, आणि खेळ खल्लास. आता हे आईबाप खरंच माणसं खातात. मग ढोंगाबद्दल बोलायचं काय राहिलं? प्रेक्षक खुशाल हात झटकून घरी जातो, की बाबा आपले आईबाप असतील खोटारडे, पण निदान असे नव्हते. जे घर साधंसरळ आहे, जिथे कुणी कुणाला खात नाही आणि तरी पोरगं आतून कुजतंय, ते दाखवणं अवघड असतं, बालाबनने सोपं उत्तर घेतलं. शेवटची वीसेक मिनिटं तर सुरा, पाठलाग, स्फोट. हे सगळं दुसऱ्या कुठल्याही हॉररमध्ये कापून चिकटवलं तरी चाललं असतं. थिएटरात पिक्चर पडला, आणि त्यात लोकांचाच दोष होता असं मला वाटत नाही. नंतर व्हिडिओ कॅसेटवर त्याचे भक्त तयार झाले ते वेगळं.

आणि हो, ते रक्ताचे स्वप्नातले सीन जरा कमी असते तरी चाललं असतं. पहिल्या वेळी अंगावर काटा, पुढे सवय होते.

---

कुंपणावरून:

चहा, तुझा मुद्दा जोरदार आहे पण मला नेमकं उलटं वाटतं. समजा शेवटी निघालं असतं की सगळे पोराच्या मनाचे खेळ, तर काय झालं असतं? मोठी माणसं पहिल्या मिनिटापासून हेच तर म्हणतायत, की पोरगं हळवं आहे, कल्पना फार करतं, नीट जेवत नाही म्हणून असं होतं. म्हणजे दिग्दर्शकच आईबापांच्या बाजूने जाऊन बसला असता. पोराने जे बघितलं ते खरं होतं असं ठणकावून सांगणारा पिक्चर मला जास्त प्रामाणिक वाटतो, भले त्यासाठी प्रेत दाखवावं लागो.

यासाठी सँडी डेनिसचं पात्र बघ. शाळेतली समुपदेशक, केस विस्कटलेले, सिगारेट, स्वतःच जरा मोडकळीला आलेली बाई. अख्ख्या पिक्चरमध्ये पोराचं म्हणणं मनापासून ऐकून घेणारी ती एकटी मोठी व्यक्ती. पण तीसुद्धा सुरुवातीला काय करते, तर त्याच्या भीतीचं मूळ त्याच्या मनात शोधते. घरात काहीच नाहीये हे पोराला दाखवून द्यायला त्याच्यासोबत त्याच्या घरी जाते, आणि तळघरात तिला प्रेत सापडतं. म्हणजे त्या काळचं सगळं मानसशास्त्र त्या जिन्यावरून खाली उतरतं आणि बघतं की पोरगं शब्दशः खरं बोलत होतं. मग तिचं जे होतं ते होतं. हा सीन तुझ्या 'खेळ खल्लास'च्या नंतरचा आहे हे लक्षात घे.

---

शेवटची_रांग:

सँडी डेनिस म्हणजे तीच ना, 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ' पिक्चरमध्ये जी तरुण बायको होती, ज्यासाठी ऑस्कर मिळालं? तेव्हाच वाटत होतं चेहरा ओळखीचा आहे. तिकडे पण दुसऱ्यांच्या घरी रात्री जाऊन फसते आणि इकडेही, बिचारीच्या नशिबात पाहुणचार वाईट.

जुना_कागद, ते टॉक्सिकोचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, एकदम गार पडलो. पण माझा मूळ प्रश्न अर्धा राहिला, १९८९ साली हे करायची गरज का वाटली असेल?

---

जुना_कागद:

कारण ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पन्नासच्या दशकाचा जीर्णोद्धार चालू होता. राष्ट्राध्यक्ष रेगन नुकतेच पायउतार झाले होते, २० जानेवारी १९८९ला त्यांचा कार्यकाळ संपला आणि त्याच महिन्यात हा पिक्चर लागला. आठ वर्षं कुटुंब, मूल्यं, जुने चांगले दिवस याचा गजर ऐकून झालेला. आणि रेगन स्वतः पन्नासच्या दशकात काय करत होते, तर १९५४पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या टीव्ही कार्यक्रमाचे सूत्रधार. कंपनीने त्यांच्या घरात झाडून सगळी विजेची उपकरणं बसवून दिली होती, आणि ते आणि बायको नॅन्सी आपल्या लखलखीत स्वयंपाकघरात उभं राहून प्रेक्षकांना वीज किती सुखाची ते सांगायचे. लोक ज्या जुन्या चांगल्या दिवसांची आठवण काढत होते त्यातला बराच भाग मुळात जाहिरात होता. बालाबनने तेच स्वयंपाकघर घेतलंय, तेच रंग, तोच फ्रिज. फ्रिज उघडून आत बघितलं एवढंच.

बालाबनचं वयही धरा. जन्म १९४५चा, म्हणजे ५८ साली तो स्वतः मायकलपेक्षा जेमतेम दोनतीन वर्षांनी मोठा. ही त्याच्याच पिढीची, ताटाकडे टक लावून बसलेल्या पोरांची गोष्ट आहे.

---

आगाऊ_पाहुणी:

संगीताबद्दल कुणीच बोलत नाही का? अँजेलो बादालामेंटी आहे ना यात, जोनाथन एलियासबरोबर. गोड जुनी नाचाची गाणी चालू असतात आणि मधेच खालून काहीतरी गुरगुरल्यासारखं येतं, ते हेडफोन लावून ऐका. आणि मांस तव्यावर पडतं तेव्हाचा चर्र आवाज मुद्दाम मोठा ठेवलाय, सुरी प्लेटवर घासते तोही. मी दोन दिवस सुरीचा आवाज आला की दचकत होते. स्वप्नांच्या सीनबद्दल मात्र चहाशी सहमत, आवाजानेच काम झालं असतं.

मला आईबद्दल विचारायचंय पण. बाप तर राक्षस आहे, ठीक. आई काय आहे? ती पोराला समजावते की हळूहळू चव लागते रे, मला पण लागली. म्हणजे ती जन्मजात अशी नाही, लग्न करून आली आणि नवऱ्याचं ताट आपलं मानलं. आणि शेवटी बाप पोराच्या अंगावर जातो तेव्हा तीच मधे पडते आणि मरते. मला हे बघून वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून रागही आला.

---

थंड_चहा:

आईवर तू अचूक बोट ठेवलंस. मेरी बेथ हर्टचा अभिनय मला क्वेडपेक्षा उजवा वाटतो. क्वेडला दिसण्याचा फायदा आहे, तो नुसता उभा राहिला तरी काम होतं. तिला मात्र पूर्ण वेळ हसरा चेहरा ठेवून आत काहीतरी चाललंय हे दाखवायचंय. पोरगा काही भलतं बोलला की ती आधी नवऱ्याकडे बघते, अर्धा सेकंदच, आणि मग पोराकडे वळून हसते. सगळं लग्न त्या अर्ध्या सेकंदात आहे. युद्धाच्या काळात याच बायका कारखान्यांत विमानं जोडत होत्या, युद्ध संपल्यावर त्यांना घरी पाठवून सांगितलं की आता हे स्वयंपाकघर म्हणजे तुझं राज्य.

पण म्हणूनच मला शेवट खटकतो. इतकी वर्षं जी बाई नजर झुकवून होती ती अचानक मधे पडते, आणि पिक्चर तिला त्याबद्दल एक मिनिटही देत नाही, लगेच पुढचा पाठलाग. तिने कधी ठरवलं, का ठरवलं, की ठरवलंच नाही, नुसतं शरीर पुढे गेलं? हाच सीन शांतपणे, त्याच टेबलावर, सगळे बसलेले असताना घेतला असता ना, तर मी सुरा आणि स्फोट सगळं माफ केलं असतं.

---

कुंपणावरून:

टेबलावर कसा घेणार, त्या टेबलावर कुणी उठून उभं राहायचंच नाही हा तर नियम आहे. ती मधे पडू शकली कारण तोवर जेवण मोडलं होतं.

बाकी माफ नको करूस, स्फोट मलाही आवडला नाही.